कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तर आता तिथं नवीन एसी मल्टिपर्पज हॉल बांधायचा सोडून परत जुनंच कशाला? असं काय विशेष होतं त्यात?

विशेष काय होतं ते सांगतो, कारण मी त्या स्टेजवर उभा राहिलोय. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ते सुरू केलं, संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव नंतर १९५७ ला दिलं. त्या काळात माइक नव्हता, नाटकं संगीत, अन् पब्लिक तिकीट काढून येणारं, म्हणजे नटाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत नुसत्या बांधकामाच्या जोरावर पोचला पाहिजे हा विचार पहिल्यापासून होता. दगडी भिंती, प्रेक्षागृहात मधे खांब नाही, मागं लागून खासबागचं कुस्तीचं मैदान. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमची जुनी थिएटरं बघितली होती, त्यातनं हे सगळं डोक्यात आलं असं कोल्हापुरात कुणीही सांगेल.

१९९७ ची गोष्ट. आमची हौशी संस्था, स्पर्धेचं नाटक, मी गिरणीतला कारकून. दिग्दर्शकांचा हट्ट की माइक टांगल्याशिवाय नाटक करायचं नाही. मी तालमीतच म्हटलं होतं, सर, केशवरावला माइक कशाला, तर म्हणाले तू आधी पाठांतर बघ. दुसऱ्या अंकात मेलेल्या भावाचं पत्र वाचायचा माझा प्रसंग, अन् नेमकी तेव्हाच खर्रर्र करून साउंड सिस्टीम बंद पडली. विंगेतनं सर हात हलवून खुणावतायत, उरक उरक, पडदा पाडतो. मी नाही उरकलं. दोन पावलं पुढं आलो, पत्राची घडी उघडली तर तो कागदाचा आवाजसुद्धा मला समोरनं परत आल्यासारखा वाटला. शेवटची ओळ तर मी जवळजवळ पुटपुटल्यासारखी म्हणायचो, तशीच म्हटली, एक पट्टीसुद्धा वर चढवली नाही.

नंबर आला नाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्यामुळं गेला, मागं कुणाला काही ऐकूच आलं नाही." मी कपडे बदलून बाहेर पडलो तर शेवटच्या रांगेमागच्या दाराशी उभे असतात ते डोअरकीपर मामा चहा पीत बसले होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "पाव्हणं, पत्र वाचताना शेवटाला आवाज बारीक केलासा न्हवं, ते बी दारापतूर आलं." त्यांनी माझ्यासाठी अर्धा चहा बशीत ओतला. त्या बशीतल्या चहाची चव मला आजपण आठवते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, दुसऱ्या दिवशी ९ तारखेला केशवरावांची जयंती. मी गेलो होतो सकाळी. छप्पर खाली आलेलं, स्टेज नाही, भिंती तेवढ्या उभ्या. म्हातारे म्हातारे कलाकार रस्त्यावर उभे राहून रडत होते. एसी हॉल काय कुठंही होतो ओ, त्यात लग्न पण होतं आणि सेमिनार पण होतं, पण माइकशिवाय बारीक आवाज शेवटपर्यंत नेणारी जागा आपल्याकडं किती उरल्यात?

म्हणून माझं मत, जसंच्या तसं बांधायचं जाहीर झालंय ते बरोबर झालंय. फक्त ते नुसतं बाहेरनं तसं दिसून उपयोग नाही. स्पीकर लावायच्या आधी एका नटाला रिकाम्या स्टेजवर उभं करा, हळू बोलायला लावा, आणि एक माणूस शेवटच्या दाराशी ठेवा. त्याला ऐकू आलं तरच बिल पास करा.

एवढं खरं की मधे बऱ्याचदा दुरुस्त्या झाल्या, २००० नंतर मी तिथं काम केलेलं नाही, त्यामुळं जळायच्या आधी शेवटी आवाज कसा होता ते मी छातीठोक सांगणार नाही. आगीपासून बचावाची सोय आजच्या नियमानं पाहिजेच, तिथं जुनं-नवं वाद नको.

आणि सर, तुम्ही हे वाचत असाल तर, आपला नंबर गेला तो तिसऱ्या अंकात सेट बदलायला सहा मिनिटं लागली म्हणून. पत्र दारापर्यंत पोचलं होतं.