वाचक विचारतात : फॉर्म्युला कारचा खर्च आणि रूलबुक

गेल्या अंकात पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या गाड्यांच्या टेस्ट ट्रॅकवर कॉलेजच्या मुलांची बाहा ही स्वतः बनवलेल्या ऑफरोड गाड्यांची स्पर्धा होते त्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर फॉर्म्युला कारच्या, म्हणजे उघड्या चाकांच्या एकसीटी रेसिंग कारच्या, खर्चाबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली चार घेतोय.

प्रश्न : मुलगा इंदूरलाच इंजिनिअरिंगला आहे, त्याची टीम फॉर्म्युला भारत या कॉलेजच्या मुलांच्या फॉर्म्युला कार स्पर्धेसाठी कार बनवतेय. आता म्हणतात ६०० सीसीचं चार सिलिंडरचं बाइक इंजिन पाहिजे, सेकंडहँडसुद्धा महाग आहे आणि वर्गणी शेवटी आम्ही पालकच देणार. वरून तोच सांगतो की नियमाने इंजिनाला हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच मिळते. मग एवढं मोठं इंजिन कशाला? — एक बाबा, सुदामानगर

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे, ती टीमसमोर जशीच्या तशी मांडा. नियम असा की थ्रॉटलच्या पुढे आणि इंजिनाच्या आधी एकच गोल भोक, पेट्रोलवाल्यांना २० मिमी, सगळी हवा त्यातूनच गेली पाहिजे. इंजिन जोरात ओढायला लागलं की त्या भोकात हवेचा वेग आवाजाच्या वेगाइतका होतो आणि तिथून पुढे कितीही ओढा, हवा वाढतच नाही. ६०० सीसीचं इंजिन साधारण बारा-तेरा हजार आरपीएमला या टोकाला येतं, म्हणजे ज्या वरच्या आरपीएमच्या ताकदीसाठी ते एवढं महाग मिळतं नेमकी तीच ताकद नियमाने कापली जाते. केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिन आपल्याकडच्या बऱ्याच टीम वापरतात, त्याला हे भोक फारसं नडत नाही, वजन कमी आणि स्पेअरसाठी गावाबाहेर जावं लागत नाही. एक मात्र आहे, सिंगल इंजिन हवा झटक्याझटक्याने ओढतं, म्हणून भोक आणि इंजिन यांच्यामधला हवेचा डबा चांगला मोठा ठेवावा लागतो, तो लहान झाला तर भोक मध्येच चोक होतं आणि मध्येच रिकामं बसतं.

हे भोक असलेला तुकडा, म्हणजे रिस्ट्रिक्टर, सांवेर रोडच्या एखाद्या चांगल्या खरादवाल्याकडून करून घेता येतो. भोकाच्या पुढचा उतार लांब आणि गुळगुळीत पाहिजे, तिथे वेळ घालवा. भोक २० मिमीपेक्षा मोठं झालं तर तपासणीत मापाचं गेज आत जातं आणि गाडी तिथेच थांबते, आणि हवेचं तोंड हाताने झाकल्यावर इंजिन लगेच बंद पडलं नाही तर समजायचं की कुठल्या तरी जॉइंटमधून ते चोरून हवा घेतंय, हे घरीच बघून ठेवा. मला हा नियम मनापासून आवडतो, कारण जास्त पैसे ओतून मिळणारी ताकद तो एका भोकावर थांबवतो. आणि स्पर्धेच्या १००० पैकी १०० मार्क कॉस्ट अँड मॅन्युफॅक्चरिंगचे, म्हणजे खर्च आणि बनावटीच्या हिशोबाचे, असतात, तिथे बोल्टबोल्टचा हिशोब विचारतात, सोपं इंजिन असेल तर ते उत्तरही सोपं जातं.

प्रश्न : सगळे पार्ट स्टँडर्ड, काहीच बदलायचं नाही असा नियम केला की पैसेवाला आणि साधा माणूस सारखेच होतील ना? मग रेसिंगच्या सगळ्या क्लासमध्ये, म्हणजे गाड्यांच्या गटांत, असं का करत नाहीत? — थर्ड इयरचा विद्यार्थी, भंवरकुआँ

उत्तर : असंच वाटतं रे, पण प्रत्यक्षात काय होतं ते बघ. अमेरिकेत १९६० च्या सुमारास फॉर्म्युला वी सुरू झाली, फोक्सवॅगन बीटल कारचं १२०० सीसी इंजिन, तिचाच गिअरबॉक्स, तिचाच पुढचा ॲक्सल, कल्पना हीच की सामान्य माणसाला परवडावं. निकी लाउडा, केके रोसबर्ग हे पुढे फॉर्म्युला वनचे चॅम्पियन झाले ते या वीमधूनही गेलेत. पण इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप, स्टँडर्ड म्हटलं तरी कारखान्यातून आलेला प्रत्येक पाइप थोडा वेगळा, कुणाचा आतून मोकळा, कुणाचा अडलेला, मग लोक ढिगाने मॅनिफोल्ड गोळा करून फ्लो बेंचवर (हवा किती जाते ते मोजायच्या यंत्रावर) तपासून त्यातला सगळ्यात चांगला निवडायला लागले आणि बरोबर जमलेल्या मॅनिफोल्डला सोन्याचा भाव आला. पार्ट बदलायचा नाही म्हटलं की निवडीवर पैसा लागतो, आणि पिस्टन, रॉड, हेड सगळं नियमाच्या मापात शेवटच्या टोकापर्यंत आणायचं, ज्याला ब्लूप्रिंटिंग म्हणतात, त्यावर लागतो.

फॉर्म्युला फोर्डचंही बघ. १९६७ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या ब्रँड्स हॅचला पहिली रेस झाली, फोर्डच्या कॉर्टिना कारचं १५०० सीसी इंजिन, गाडी जमिनीला दाबून धरणाऱ्या विंग नाहीत, सुरुवातीला टायरसुद्धा रोडचेच आणि अख्खी कार १००० पौंडात बसावी असा हेतू. पुढे फोर्डचंच १६०० सीसीचं केंट इंजिन आलं आणि क्लास वर्षानुवर्षं चालला. विंग नाहीत या एका ओळीने किती पैसे वाचलेत त्याला तोड नाही, नाहीतर दर सीझनला नवी विंग आणि धडकली की पुन्हा नवी. पण केंट जुनं होत गेलं, चांगलं हेड, चांगला ब्लॉक मिळेना, तेव्हा एससीसीए या अमेरिकेच्या रेसिंग क्लबने २०१० च्या सुमारास होंडाच्या फिट कारचं १.५ लिटर इंजिन रिस्ट्रिक्टर लावून चालेल असं म्हटलं. जुन्या लोकांना ते आवडलं नाही आणि त्यांचं दुखणं मला समजतं, ज्याने आयुष्यभर केंट सांभाळलं त्याच्या गाडीची किंमत एका कागदाने खाली येऊ शकते, तरी माझं मत होंडाच्या बाजूने आहे कारण दरवर्षी रिबिल्ड करायचं इंजिन गरीब माणसाला क्लासबाहेर काढतं. काही ठिकाणी इंजिन सील करून देतात, कुणी उघडायचंच नाही. ओव्हल ट्रॅकच्या काही क्लासमध्ये तर जिंकणाऱ्याचं इंजिन ठरलेल्या किमतीला दुसऱ्याने मागून घ्यायचं असा नियम आहे, मग कोण कशाला त्यात लाखो रुपये घालेल!

वजनाचंही तसंच. किमान वजन ड्रायव्हरसकट मोजलं आणि साध्या स्टीलच्या फ्रेमलाही ते गाठता येईल इतपत ठेवलं तर हलके महागडे पार्ट घ्यायची कुणाला गरजच राहत नाही. तेच वजन उगाच खाली आणलं की उंचापुरा मुलगा दोन किलोसाठी कार्बन फायबर शोधत फिरतो.

प्रश्न : ओळखीतून रेसिंगचे सीटबेल्ट स्वस्तात मिळतायत, वापरलेले नाहीत पण तारीख संपलेली आहे. घ्यावेत का? — एक वाचक, राऊ

उत्तर : नाही, अजिबात घेऊ नका. एफआयए ही जगभरच्या मोटरस्पोर्टची संघटना, तिच्या प्रमाणपत्राच्या बेल्टची मुदत साधारण ५ वर्षं आणि एसएफआय या अमेरिकी संस्थेच्या बेल्टची २ वर्षं असते, कापड ऊन आणि हवेने आतून कमजोर होतं, ते बाहेरून दिसत नाही. बचत बॉडीवर्कमध्ये करा, पेंटमध्ये करा, बेल्ट आणि हेल्मेटमध्ये नको.

प्रश्न : नोकरी करते, स्वतः रेस करायची फार इच्छा आहे. कुठल्या क्लासमध्ये उतरले तर बजेट हाताबाहेर जाणार नाही? — एक वाचक, रामबाग

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून खूप आनंद झाला. आपल्या इथून कोइम्बतूरचा कारी ट्रॅक, चेन्नई सगळंच लांब, म्हणून कार विकत घेऊन ती ट्रकने नेण्यापेक्षा एखाद्या टीमची कार रेसपुरती भाड्याने घ्या. एलजीबी फॉर्म्युला ४ मध्ये स्विफ्टचं १३०० सीसी इंजिन आणि सगळ्यांना एकच टायर, असा क्लास सुरुवातीला बरा, एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं लायसन मात्र आधी काढावं लागेल. टीमशी बोलताना कारच्या भाड्यावर थांबू नका. वीकेंडला टायरचे किती सेट चालतात, ते कोण देतं आणि ठोकली तर बिल कुणाचं, हे विचाराच. टायरचं एकच कंपाउंड (रबराचा प्रकार) आणि सेटची मर्यादा असेल तिथे दर सेशनला नवे टायर घालणारा तुमच्या पुढे जाऊ शकत नाही. मर्यादा नसेल तर दर वीकेंडचा सगळ्यात वाईट खर्च तोच. आणि मागच्या तीन सीझनची रूलबुक मागून शेजारीशेजारी ठेवून वाचा, दरवर्षी काही ना काही बदललेलं दिसलं तर तो क्लास सोडा, कारण प्रत्येक बदलाचे पैसे टीम तुमच्याच भाड्यात धरणार.