सुईदोरा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: तान्ह्या पोळ्याला लेकाच्या लाकडी नंदीसाठी घरच्या कापसाची झूल क्रोशानं विणायची आहे. टकळीवर सूत काढलं, पण ते सुईत अडकून उकलतं, ओढलं की तुटतं. (सेलू, जि. वर्धा)

उत्तर: आधी कापूस पाहा. फरदडीचा (हंगाम संपल्यावर तीच झाडं राखून घेतलेला) असेल तर बाजूला ठेवा, त्याचा तंतू आखूड आणि कच्चा असतो. पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा घ्या, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) आणि पाचोळा हातानं निवडा. चांगल्या कापसाचाही तंतू जेमतेम इंचभर. त्याला धरून ठेवतो तो पीळच, आणि तुमच्या सुताला तोच कमी पडतोय. वीतभर सूत सैल सोडून पाहा. ते आपोआप स्वतःभोवती वळलं पाहिजे. नुसतं लोंबत राहिलं तर टकळीला आणखी गिरक्या द्या.

एकेरी सुतावर तर विणूच नका, सुईचं टोक तंतूंत शिरतं. दोन सुतं एकत्र धरून टकळी कातलं त्याच्या उलट दिशेनं फिरवा. त्याच दिशेनं फिरवलीत तर धाग्याला नुसत्या गुंडाळ्या पडतील. मग लच्छी चार ठिकाणी सैल बांधून (घट्ट बांधली तर तिथं पाणी पोचत नाही) चमचाभर धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाणी पिवळट होतं, म्हणजे कापसातला मेणचटपणा निघतोय. पीळ बसतो आणि सूत आटायचं ते आधीच आटतं. हे टाळलं तर झूल पहिल्याच धुण्यात आखडेल. सुई 2.5 किंवा 3 मिमीची. नंदीच्या पाठीवरून पोटाच्या दोन्ही बाजूंपर्यंत दोरा टाकून माप घ्या; गोंडे सगळ्यात शेवटी.

प्रश्न: आजीच्या सुती लुगड्याच्या पट्ट्यांचं क्रोशानं विणलेलं गोल बसकर सहाव्या फेरीपासून टोपलीसारखं उभं राहतंय. (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर: टाके वाढवायचे राहिलेत. मुक्या खांबाच्या (सिंगल क्रोशे टाक्याच्या) पहिल्या फेरीत 6, मग दर फेरीला 6 वाढवत 12, 18, 24. सहाव्या फेरीत 36 भरतात का, मोजा. भरले तरी उभं राहत असेल तर हात घट्ट आहे, 8 ऐवजी 10 मिमीची सुई घ्या. वाढीचे टाके दर फेरीत थोडे सरकवा, एकावर एक आले की गोलाचा षटकोन होतो. पट्टी अडीच सेंमीची, लांबीच्या बाजूनं फाडलेली; कापड विरलंय तिथं थोडी रुंद. आजीचं लुगडं आहे म्हणून उसवायला भिऊ नका, पट्टीला काही होत नाही.