खाडीतल्या खारफुटीची किंमत रुपयांत काढता येते का? आणि ती जीडीपीऐवजी वापरता येईल का?

काढता येते, पण जीडीपीऐवजी नाही, त्याच्या शेजारी मांडायला. भराव टाकणारा डंपर आणि वर उभा राहिलेला टॉवर जीडीपीत येतात. खाली गाडलेली खारफुटी कुठेच वजा होत नाही. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२१ मध्ये परिसंस्थांच्या हिशेबाची चौकट स्वीकारली. आधी क्षेत्र आणि झाडांची स्थिती नोंदवायची, मग लाटा अडवणं, कार्बन साठवणं, मासळी वाढवणं या सेवांचं मोजमाप, शेवटी त्यांचा रुपयांतला दर. लाटा अडवण्याचा दर तेवढंच काम करणारी भिंत बांधण्या-सांभाळण्याच्या खर्चावरून धरतात.

चुका दोन ठिकाणी होतात. कोळंबीची पिल्लं मुळांच्या जाळीत वाढतात. ती सेवा वेगळी धरून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या कोळंबीची किंमतही पूर्ण धरली, तर तोच पैसा दोनदा येतो. खरा घोळ मात्र वटावदराचा, म्हणजे पुढे मिळणारे पैसे आज किती मोलाचे धरायचे ते ठरवणाऱ्या वार्षिक टक्क्याचा: ५० वर्षांनंतरचे १०० रुपये ३ टक्क्यांनी आज सुमारे २३ होतात, ८ टक्क्यांनी जेमतेम २. वटावदर न सांगितलेला आकडा मानूच नका.

आणि ही विक्रीची किंमत नव्हे. मुंबईतल्या माहुलची झाडं तोडून तेवढीच दुसरीकडे लावली, तर कागदावर क्षेत्र जुळेल, माहुलला लाटा अडणार नाहीत.