विमानाचं थर्मल मॉडेल करताना आधी कागद, मग मेश

पहिल्याच दिवशी सीएफडी (हवेचा प्रवाह संगणकावर सोडवणारं सॉफ्टवेअर) उघडून लाखो सेलचा मेश, म्हणजे बारीक तुकड्यांचं जाळं, करू नकोस. आधी कागदावर हिशोब मांड: विमानातल्या कुठल्या उपकरणाच्या बॉक्समधून किती वॅट उष्णता निघते आणि ती शेवटी जाते कुठे, बाहेरच्या हवेत की टाकीतल्या इंधनात? मग दहा-पंधरा नोडचं (एका भागाला एकच तापमान मानणाऱ्या बिंदूंचं) साधं मॉडेल कर.

नवखे बहुतेक एका ठिकाणी हमखास चुकतात. ११ किमी उंचीवर प्रमाण वातावरणात उणे ५६.५ अंश सेल्सियस असतं, म्हणजे कूलिंग सोपं, असं धरून चालतात. पण तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ३० टक्के. पंखा त्याच वेगाने फिरला तरी हवेचं वस्तुमान तेवढंच कमी जातं. शिवाय ०.८५ माखला (ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्क्यांना) विमानावर अडलेली हवा उणे २५ अंशांच्या आसपास तापते. मॉडेलच्या सीमेवर नुसतं बाहेरचं तापमान भरलंस, तर मॉडेल खोटंच थंड दिसेल.

क्रूझवर (उंचीवरच्या स्थिर उड्डाणावर) थांबूही नकोस. उन्हात उभं विमान, रॅम एअर (उडताना वेगामुळे आत शिरणारी हवा) नाही, सगळी उपकरणं चालू: मला हीच अवस्था जास्त छळते. इंधनात उष्णता सोडत असशील तर उड्डाणाच्या अखेरीस उरलेलं थोडं इंधन भराभर तापतं. स्टेडी-स्टेटमध्ये, म्हणजे तापमान स्थिरावलंय असं धरून केलेल्या हिशोबात, हे दिसणारच नाही. वेळेनुसार बदल दाखवणारा ट्रान्झियंट रन हवाच.