इंजिन ऑइल १२० अंशांवर गेलं म्हणून लगेच घाबरू नकोस

घाट चढताना किंवा बराच वेळ वेगात चालवताना ऑइलचं तापमान ११०-१२० अंश सेल्सिअस होणं साधारण आहे. उलट ते कधीच ९० च्या वर गेलं नाही, तर ऑइलमधली ओल उडून जात नाही. १३० च्या वर टिकून राहिलं, तर मात्र वेग कमी कर आणि कारण शोध.

आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी, बघ. लेव्हल कमी असेल तर उरलेलं थोडं ऑइल जास्त तापतं. मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) तपास, आणि ऑइल थंड करणारा ऑइल कूलर असेल तर त्याच्या जाळीत चिखल अडकलाय का ते बघ.

आता ग्रेड, म्हणजे डब्यावर लिहिलेला ऑइलच्या दाटपणाचा आकडा. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. पण बेअरिंग वाचवतो तो १५० अंशांवर, जोरदार घर्षणात मोजलेला दाटपणा, म्हणजे एचटीएचएस (हाय टेम्परेचर हाय शिअर). एसीईए या युरोपियन वाहन उत्पादक संघटनेच्या ए३/बी४ दर्जाच्या ऑइलमध्ये तो किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असतो. गाडीचं मॅन्युअल परवानगी देत असेल तरच अशा ऑइलकडे वळ. उगाच जास्त दाट ऑइल घालू नकोस, अंतर्गत घर्षणाने ते स्वतःच जास्त तापतं. चांगलं सिंथेटिक घे, आणि गाडी सतत तापत असेल तर ऑइल लवकर बदल.