पैसा, बँकिंग आणि पतधोरण या विषयाचा अभ्यास कसा करावा?

व्याख्या पाठ होतात, पण बँक प्रत्यक्षात काय करते हे उमगत नाही, अशी आपली अडचण आपण लिहिली आहे. विद्यार्थिदशेत मीही याच जागी एक अख्खे सत्र अडकलो होतो, आणि पुढे हा विषय शिकवताना कितीतरी मुले तेथेच अडखळताना पाहिली. म्हणून कळकळीने सांगतो, की कोणताही व्यवहार ताळेबंदात मांडून पाहिल्याशिवाय पुढचे पान उलटू नका.

कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ ओढा. एका बाजूला बँकेची मालमत्ता, दुसऱ्या बाजूला तिची देणी. बँकेने कोणाला 1,00,000 चे कर्ज मंजूर केले, तर मालमत्तेत तेवढे कर्ज वाढते आणि त्याच क्षणी देण्यांच्या बाजूला कर्जदाराच्या खात्यात तेवढीच ठेव जमा होते. दुसऱ्या कोणत्याही ठेवीदाराच्या खात्यातून काहीही वजा होत नाही. ही ठेव म्हणजेच नवा पैसा. कर्जदाराने ती रक्कम दुसऱ्या बँकेतील खात्यात पाठवली, की पहिल्या बँकेतील ठेव जाते आणि मध्यवर्ती बँकेतील तिच्या खात्यातून तेवढाच राखीव निधी (बँकेने मध्यवर्ती बँकेत ठेवलेला पैसा) दुसऱ्या बँकेकडे वळता होतो. राखीव निधी कशासाठी लागतो, हे या नोंदींतून जसे डोळ्यांसमोर येते तसे व्याख्येतून येत नाही.

पैसा गुणकाचे सूत्र, म्हणजे राखीव निधीच्या किती पट पैसा निर्माण होऊ शकतो हे सांगणारे सूत्र, परीक्षेसाठी यायलाच हवे, परंतु आधी ठेवी गोळा होतात आणि मग त्यांतून कर्जे दिली जातात, हे त्यामागचे चित्र बँक ऑफ इंग्लंडने 2014 मध्ये आपल्या त्रैमासिकातील लेखात स्पष्टपणे खोडून काढले. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने तर मार्च 2020 मध्ये बंधनकारक राखीव निधीचे प्रमाण शून्यावर आणले. हे प्रमाण जितके कमी तितका गुणक मोठा, म्हणून सूत्राप्रमाणे कर्जवाटपाला सीमाच उरायला नको होती. तसे झाले नाही, कारण बँकेचा हात आवरतात ते तिचे भांडवल, कर्ज बुडण्याची भीती आणि मध्यवर्ती बँकेने ठरवलेला व्याजदर. पतधोरणाचा अभ्यास माझ्या मते येथून सुरू व्हावा.

ताळेबंदाची सवय झाली, की बँका का बुडतात हेही कळू लागते. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवींचा मोठा भाग दीर्घ मुदतीच्या रोख्यांत गुंतवला होता. व्याजदर वाढताच रोख्यांच्या किमती घसरल्या, ठेवीदार धास्तावले आणि 9 मार्च 2023 या एकाच दिवशी सुमारे 4,200 कोटी डॉलर काढून घेतले गेले. ठेवीदार एकदम पैसे काढायला का धावतात हे समजावणारे, डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांचे 1983 चे प्रतिमान, ज्यासाठी त्यांना 2022 चे नोबेल मिळाले, या घटनेच्या शेजारी ठेवून वाचा. त्यातील समीकरणे मग परकी वाटत नाहीत. गणित मध्यम असले तरी चालते, संख्याशास्त्र मात्र टाळू नका.

याच्या जोडीला कोणतीही एक मध्यवर्ती बँक निवडून वर्षभर तिचा मागोवा घ्या. प्रत्येक बैठकीपूर्वी आपला अंदाज कारणांसह वहीत लिहा, आणि नंतर लागोपाठची दोन निवेदने शेजारी ठेवून बदललेले शब्द तेवढे अधोरेखित करा. सुरुवातीला हे बदल किरकोळ वाटतील, पण रोखेबाजारातील दर अनेकदा त्या चार शब्दांवरच हलतात.