पहिला मुलगा चौथ्या दिवशी गेला. ओटीसीच्या कमतरतेचा धोका आता बाळाला आहे की आईलाही?

तुमच्या बहिणीचा पहिला मुलगा जन्मानंतर चौथ्या दिवशी गेला आणि कागदोपत्री ‘सेप्सिस’ (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) अशी नोंद झाली. तुमचे एक मामाही तान्हेपणीच गेले होते. आता बहिणीला चौथा महिना आहे आणि डॉक्टरांनी ओटीसी (ऑर्निथिन ट्रान्सकार्बामायलेज) या एन्झाइमच्या आनुवंशिक कमतरतेची शंका व्यक्त केली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी नवजात अतिदक्षता विभागात काम करतो, तरीही सांगतो की या प्रश्नात बाळाइतकीच बहिणीची काळजी घ्यावी लागेल.

प्रथिनांच्या विघटनातून निघणाऱ्या अमोनियाचे यकृत यूरियात रूपांतर करते, आणि ओटीसी हे त्या साखळीतले एक एन्झाइम आहे. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आई वाहक (एका एक्स गुणसूत्रावर सदोष जनुक असलेली) असेल तर प्रत्येक मुलाला आजाराची आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. पोटात असताना बाळाचा अमोनिया वारेतून आईकडे जातो, म्हणून ते चांगल्या वजनाचे जन्मते, रडते, दूधही ओढते. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध सोडते, पेंगते, उलट्या करते, भराभर श्वास घेऊ लागते आणि पुढे झटके येऊन बेशुद्ध होते. हे चित्र जंतुसंसर्गासारखेच दिसते, आणि अमोनिया मोजला नाही तर निदान निसटते. नमुना बर्फात ठेवून ताबडतोब तपासावा लागतो, नाहीतर आकडा खोटाच वाढलेला येतो. नवजात बाळात तो साधारण लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या आत असावा. या आजारात तो ५०० च्या, कधी १००० च्याही पुढे जातो. तेव्हा दूध थांबवून शिरेतून ग्लुकोज आणि अमोनिया उतरवणारी सोडियम बेंझोएट व आर्जिनिन ही औषधे देतात आणि अनेकदा डायलिसिस करावे लागते, आणि तेही काही तासांत, कारण मेंदूची हानी भरून येत नाही.

आता बहिणीविषयी. वाहक स्त्रीच्या यकृतातील काही पेशींत सदोष जनुक चालू असते, काहींत निर्दोष. म्हणून कोणाला आयुष्यभर काहीच होत नाही, तर कोणाला लहानपणापासून डाळ, अंडी, मटण नकोसे वाटते. तिला हे जरूर विचारा, कारण अशी नावड पुष्कळदा शरीरानेच शोधलेली पळवाट असते. गरोदरपण बहुधा सुरळीत जाते, मात्र सुरुवातीच्या उलट्यांत उपाशी राहणे घातक ठरू शकते. खरा धोका बाळंतपणानंतर ३ ते १४ दिवसांत असतो, कारण प्रसूतीच्या श्रमात पोटात अन्न नसते आणि गर्भाशय आकसताना त्यातली प्रथिने विघटित होतात. अशा वेळी ती असंबद्ध बोलू लागली, गुंगीत गेली किंवा ओळखेनाशी झाली तर घरचे ‘वात झाला’ म्हणतात, क्वचित डॉक्टरही मानसिक आजार मानतात. तुम्ही मात्र त्याच तासाला अमोनिया मोजण्याचा आग्रह धरा. या काळात संकष्टीपासून कोणताही उपास नको, आणि गरोदर बाईला सर्रास दिली जाणारी प्रोटीन पावडर तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. बाळाच्या फुप्फुसांसाठी दिले जाणारे स्टिरॉइडही अमोनिया वाढवू शकते, हे प्रसूतितज्ज्ञांच्या कानावर आधीच घाला. झटक्यांवरचे व्हॅल्प्रोएट आई किंवा बाळ, दोघांनाही देऊ नये.

आजच्या घडीला बहिणीची ओटीसी जनुकाची तपासणी आधी करा. दोष सापडला तर गर्भजलातून बाळाची तपासणी १५ आठवड्यांनंतर होऊ शकते. लिंगनिदानाच्या कायद्याला घाबरू नका. १९९४ च्या त्या कायद्यात लिंगसंलग्न आनुवंशिक आजारांच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात मुभा आहे. दोष सापडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण काही घराण्यांत नेहमीच्या तपासणीत तो दिसत नाही. प्रसूती अशाच ठिकाणी ठरवा जिथे रात्रीही अमोनिया मोजता येतो आणि नवजात बाळाचे डायलिसिस होते. मुलगा झाल्यास पहिल्या दिवसापासून त्याचा अमोनिया तपासत राहण्याची लेखी सूचना फाइलवर असू द्या, आणि त्याच कागदावर बहिणीच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या तपासण्याही लिहून घ्या.